मालक येईपर्यंत

"या नावाची मुलगी इथे राहत नाही," हॉस्टेलच्या दारावरची रखवालदारीण म्हणाली आणि पुन्हा आपल्या विणकामात डोकं घालून बसली.

लॉन्ड्रीवाला हसला. एवढ्या मुलींमधली एक या बाईला कुठून आठवणार, असं त्याला वाटलं.

"उंच आहे हो," तो म्हणाला. "माझ्याहून वीतभर उंच. घरी आम्ही तिला बुटकी म्हणतो. लहानपणी काउंटरच्या मागे उभी राहिली की दिसायची नाही, म्हणून."

"उंच असू दे नाहीतर बुटकी. इथे नाही."

लॉन्ड्रीवाल्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याच्या हातात हँगर होता आणि हँगरला मुलीचा प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट. मागच्या सुट्टीत ती तो घरी विसरली होती. त्याने तो धुऊन, अंगातला जोर लावून इस्त्री करून आणला होता, आणि घडी मोडू नये म्हणून बसमध्ये अख्खा रस्ताभर उभं राहून वर धरला होता. शेजारच्या माणसाने दोनदा सांगितलं की बाबा रे बस, मी धरतो. पण आपल्या हातची इस्त्री परक्याच्या हाती देईल तो लॉन्ड्रीवाला कसला!

निघताना बायको म्हणालीही होती, "अहो, फोन करून जा." दुकानाच्या गल्लीत पाण्याचा पाइप फुटला होता, रस्ता खणून ठेवला होता, पाण्याचा थेंब नाही म्हणून दुकान बंद. घरी बसून करणार काय? "फोन केला तर मजा काय राहिली?" असं म्हणून हा निघाला. आता भोग मजा.

रखवालदारणीने शेवटी कंटाळून त्याला आत रेक्टरबाईंकडे नेऊन उभं केलं. रेक्टरबाईंना मुलगी बरोबर आठवत होती, आणि तेच वाईट झालं.

"तिने खोली कधीच सोडली. पहिलं सत्र अर्धं झालं असेल नसेल. भाडं भरलं नव्हतं."

"भाडं? बाई, तिचं सगळं विद्यापीठ भरतं. तिला मदत मिळालीय."

"फी विद्यापीठ परस्पर भरतं. खोली आणि जेवणाचे पैसे मुलींच्या कार्डावर येतात, ते त्यांनी इथे भरायचे. तिने नाही भरले. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, माझी दुसरीकडे सोय झालीय."

पुढचं लॉन्ड्रीवाल्याला ऐकूच आलं नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती कशी, हे त्याला त्या खोलीत कळलं. दर रविवारी फोनवर ही मुलगी "हॉस्टेलवर मजेत आहे" म्हणत होती. जेवलीस का विचारलं की "पोटभर" म्हणत होती. मग ती कुठून बोलत होती? कुणाबरोबर होती? नको नको ते मनात आलं, आणि येऊन तिथेच ठाण मांडून बसलं. आणि बायकोला काय सांगायचं?

बाहेर व्हरांड्यात एक चष्मेवाली मुलगी त्याच्या मागोमाग आली.

"काका, तुम्ही तिचे बाबा ना? आम्ही एका खोलीत होतो." ती जरा घुटमळली. "तिने कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय."

"मग सांग पटकन."

"ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत असते."

"लॉन्ड्रीत? कपडे टाकायला?"

"नाही काका. कामाला."

लॉन्ड्रीवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी एक पाऊल मागे सरकली. जगात हजार कामं आहेत. मुलगी हॉटेलात भांडी घासते म्हणाली असती, झाडू मारते म्हणाली असती, तरी त्याने ते कसंबसं गिळलं असतं. पण लॉन्ड्री! त्याचा आजा इस्त्री करत गेला, बाप इस्त्री करत गेला, त्याची स्वतःची पाठ आता इस्त्रीच्या टेबलाच्या उंचीला वाकून राहिली होती. या घरातून कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, विद्यापीठाची तर गोष्टच सोडा. बुटकीला प्रवेश आणि मदत दोन्ही मिळाल्याचं कळलं त्या दिवशी त्याने भर दुपारी इस्त्रीचं बटण बंद केलं होतं. पुढचे कित्येक आठवडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला शर्ट देण्याआधी ही बातमी देत होता, इतकी की लोक स्वतः यायचं टाळून कपडे न्यायला मुलांना पाठवायला लागले. आणि ती मुलगी इथे येऊन लॉन्ड्रीत?

हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच होतं. लॉन्ड्री तळघरात. जिना उतरतानाच वाफ अंगावर आली आणि त्या वाफेचा वास त्याला ओळखीचा होता, फक्त इथे त्यात औषधाचाही वास मिसळलेला. भिंतीला लागून माणूस आत मावेल एवढाली धुलाई यंत्रं गरगरत होती. ओल्या चादरींनी भरलेल्या चाकांच्या गाड्या ये-जा करत होत्या. मधोमध एक लांबलचक तापलेला रोलर होता. दोन बायका एका बाजूने ओली चादर ताणून त्यात सोडत होत्या, दुसऱ्या बाजूने ती कोरडी आणि कडक होऊन बाहेर येत होती, आणि तिथे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मुली तिची घडी घालत होत्या. सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या टोप्या, अंगात एकसारखे झगे. त्यातली आपली कोण, कसं ओळखणार?

त्याने घडीवरून ओळखलं. बाकीच्या जणी चादर मधून दुमडत होत्या. एकीने आधी कोपरा आत घेतला, तळहाताने दाबला, मग दुमडली. ती घडी त्याच्या आईची होती. बुटकीला ती त्यानेच शिकवली होती, स्टुलावर उभी करून.

"बुटके," त्याने हाक मारली. यंत्रांच्या घरघरीत ती कुणाला ऐकू गेली नसती, पण तिला गेली. ती वळली. हातातली चादर तशीच खाली पडली.

डोळ्यांखाली काळं, गालाची हाडं वर आलेली, मनगटावर भाजल्याचा लांब डाग. तीच का ही? सुट्टीत घरी आली होती तेव्हाही वाळलेली होतीच. पण तेव्हा ती "अभ्यास असतो हो" म्हणाली आणि याने मोठ्या कौतुकाने मान डोलावली होती.

"बाबा, तुम्ही? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. तू काय करतेयस इथे?"

"आपलंच काम," ती म्हणाली, आणि हसायला गेली तर तिला हसता येईना.

जिन्याखाली कामगारांची एक खोली होती. भिंतीशी खाटा, एका खाटेवर तिची पुस्तकं उशीला ठेवलेली. तिथेच ती राहत होती. संध्याकाळची पाळी, सुट्टीच्या दिवशी दिवसभराची, आणि एखादी बाई आली नाही की तिची पाळीसुद्धा. सकाळी प्रयोगशाळेत पोचायचं तर डोळे उघडायचे नाहीत. कितीतरी प्रयोग बुडाले होते.

"आणि तुला पैसे येत होते ना?" लॉन्ड्रीवाला आता चिडला होता. घाबरलेला बाप चिडतोच. "बाई म्हणाल्या, कार्डावर पैसे येतात. ते कुठे गेले? काय केलंस त्यांचं?"

"काही नाही केलं."

"म्हणजे?"

"तसेच आहेत, बाबा. पहिल्यापासूनचे सगळे. हात नाही लावला." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो काहीतरी विसरलाय. "तुम्हीच म्हणाला होतात ना."

त्याला क्षणभर काही आठवेना. आणि मग आठवलं, तेव्हा कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

लॉन्ड्रीच्या काउंटरखाली एक पत्र्याचा डबा होता. कपड्यांच्या खिशात जे सापडेल ते त्या डब्यात जायचं: नोटा, चिल्लर, किल्ल्या, एकदा तर कुणाची तरी दाताची कवळी. प्रत्येक वस्तूला गिऱ्हाइकाची चिठ्ठी लावायची आणि मालक येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. कारण त्याच्या बापाला एका गिऱ्हाइकाने भर रस्त्यात चोर म्हटलं होतं. कोटातली नोट गेली म्हणून. पुढे ती नोट त्याच कोटाच्या अस्तरात सापडली, पण माफी मागायला कुणी आलं नाही. त्या दिवसापासून डबा, आणि डब्याचा नियम. बुटकी बोलायला लागली तेव्हाच तो नियम शिकली.

तर पहिल्या महिन्यात तिचा फोन आला होता. "बाबा, कार्डावर पैसे आलेत. फीचे नाहीत, वेगळेच. मुली म्हणतात मदतीचे आहेत, खर्च करायचे. पण मदतीच्या पत्रात लिहिलंय की गैरवापर झाल्यास रक्कम वसूल केली जाईल. गैरवापर म्हणजे काय हो?" आता गैरवापर म्हणजे काय हे त्या घरात कुणाला ठाऊक? जेवण म्हणजे गैरवापर का? बूट घेतले तर? लॉन्ड्रीवाला तेव्हा कुणाच्या तरी लग्नाच्या सुटाला इस्त्री करत होता, फोन खांद्यात धरून. "फी भरली ना त्यांनी? मग हे चुकून आले असतील," तो म्हणाला. "हात लावू नकोस. मालक येईल विचारायला. उद्या मागितले तर आणायचे कुठून?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला, सूट पुरा केला आणि ते बोलणं विसरून गेला.

आणि पोरीने ते पाळलं. उपाशी राहून पाळलं.

"अगं, मी आपलं सहज बोललो," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही डब्याबद्दल कधी सहज बोलता का?"

तो खाटेवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने इस्त्रीचा कोट मांडीवर टाकला आणि तो चुरगळतोय याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"बाबा, आज मला मदत कक्षात बोलावलंय," ती हळूच म्हणाली. "दुपारीच. हजेरी कमी आहे ना, बहुतेक मदत बंद करतील. मग फीसुद्धा आपल्यालाच भरावी लागेल."

म्हणजे विद्यापीठ संपलं. हे दोघांनाही कळलं आणि दोघांपैकी कुणी ते बोलून दाखवलं नाही.

मदत कक्षाच्या मॅडम चांगल्या होत्या, पण घाईत होत्या. पलीकडच्या खोलीत समिती बसली होती, दार उघडंच होतं.

"वडील का? बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. पण पुढच्या महिन्यापासून ही मदत आम्ही दुसऱ्या कुणाला तरी देतोय."

"हजेरीमुळे ना?" लॉन्ड्रीवाला गडबडीने म्हणाला. "ती भरून काढेल हो. मी तिला..."

"हजेरी नंतरची गोष्ट. मुळात तुमच्या मुलीला गरजच दिसत नाही." त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा. आलेल्या पैशांतला एक पैसाही तिने वापरलेला नाही. खोली नाही, जेवण नाही, पुस्तकं नाहीत. घरून भरपूर येत असणार, असं समितीचं म्हणणं. बाहेर गरजू मुलांची रांग लागलीय, मग आम्ही काय करायचं सांगा?"

घरून भरपूर! त्याने बुटकीकडे पाहिलं, बुटकीने त्याच्याकडे. चोर म्हणतील या भीतीने ज्या पैशांना हात लावला नाही, त्याच पैशांनी तिला श्रीमंत ठरवलं होतं.

मग मात्र तो बोलायला लागला, आणि एकदा सुटला तो थांबेना. डबा, चिठ्ठ्या, कवळी, बापावरचा आळ, खांद्यात धरलेला फोन, सगळं. मध्येच हॉस्पिटलचं तळघर आलं, घडी आली. आवाज कधी चढला तेही त्याला कळलं नाही. पलीकडच्या खोलीतलं बोलणं थांबलं होतं.

"तिने नाही, मी केलंय हे," तो शेवटी म्हणाला. "माझ्या पोरीला मीच उपाशी ठेवलं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता धक्का बसायची पाळी त्यांची होती. त्या बुटकीकडे वळल्या.

"अगं, पण विचारायचं ना कुणाला तरी!"

"कुणाला विचारू?" बुटकी म्हणाली. "सगळ्यांना सगळं माहीत असतं इथे. त्यांच्या घरी कुणीतरी शिकलेलं असतं. मला एवढंही कळत नाही हे कळलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिला उगाच घेतलं."

मॅडमनी संगणकाचा पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. म्हणाल्या, "गैरवापर कशाला म्हणतात सांगू? पैसे इथे पडून आहेत आणि ज्या मुलीसाठी ठेवलेत ती तळघरात हात भाजून घेतेय, याला."

त्या उठून समितीच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने बुटकीला आत बोलावलं. लॉन्ड्रीवाला दारातच उभा राहिला. समितीचे अध्यक्ष पिकल्या केसांचे होते. त्यांनी फार काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मदत चालू ठेवली, तर तू सगळ्यात आधी काय करशील?"

पुस्तकं घेईन म्हणेल, असं लॉन्ड्रीवाल्याला वाटलं. मनातल्या मनात तो तिला तेच सांगतही होता.

"झोपेन," बुटकी म्हणाली.

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं. लॉन्ड्रीवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण त्याला रडू आवरेना आणि एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर रडायची त्याला लाज वाटत होती.

मदत सत्रअखेरपर्यंत चालू राहिली. रात्री नीट झोपायचं, बुडालेले प्रयोग पुरे करायचे, पास व्हायचं. मग पुढचं बघू, असं ठरलं. त्याच संध्याकाळी दोघं रेक्टरबाईंकडे खोलीचं भाडं भरायला गेली. बुटकीने कार्ड यंत्राला लावलं. यंत्र टुंग वाजलं तशी दोघंही दचकली, आता कुठूनतरी पोलीस येणार असल्यासारखी. रेक्टरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

घरी गेल्यावर बायकोने सगळं ऐकलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने रडायच्या आधी त्याची अशी काही हजेरी घेतली की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

त्यानंतर तो विद्यापीठात गेला तो नव्या वर्षाच्या सुरुवातीला. या वेळी फोन करून. हॉस्टेलच्या दारावर रखवालदारीण विणतच होती. त्याला पाहून ती म्हणाली, "या. तुमची बुटकी मदत कक्षात आहे," आणि त्याचा जीव पुन्हा टांगणीला लागला. मदत कक्षात? आता काय झालं?

तो धापा टाकत पोचला तर दाराबाहेर नव्या मुलामुलींची गर्दी. बावरलेले चेहरे, नवेकोरे शर्ट. आणि मॅडमच्या टेबलाला लागून ठेवलेल्या दुसऱ्या टेबलामागे बुटकी बसलेली. गाल भरलेले, आवाज खणखणीत. एका मुलाला ती समजावत होती, "अरे, जेवायचेच आहेत हे पैसे. खोली घे, बूट घे, पोटभर जेव. घरी फोन लाव, मी बोलते तुझ्या आईशी."

भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद लावला होता. गैरवापराचं ते वाक्य त्यावर नव्हतंच. लॉन्ड्रीवाल्याने चष्मा पुसून वाचलं. "या पैशांतून जेवा. झोपायला खोली घ्या. आजारी पडलात तर औषध घ्या. हे पैसे चुकून आलेले नाहीत." तो वाचत राहिला. शेवटचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं, आणि मग पुन्हा.

"ते मी लिहिलंय," बुटकी मागून म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, तुझ्या वडिलांना कळेल असं लिही."

"म्हणजे मी अगदीच ढ, असंच ना?"

"मी कुठे काय म्हटलं?" ती हसली. मग जाता जाता सांगितल्यासारखं म्हणाली, "सगळ्या विषयांत पास झाले, बाबा. प्रयोगांत वर्गात पहिली. यंदाची मदत मंजूर झालीय."

लॉन्ड्रीवाल्याने भिंतीवरचा तो कागद, सरळच होता तरी, तळहाताने दाबून पुन्हा सपाट केला.

ती त्याला कँटीनमध्ये घेऊन गेली. त्याला एका टेबलाशी बसवून तिने कार्ड लावलं आणि दोन कप चहा आणून ती समोर बसली. त्याने कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच थांबवला.

"हा चहा त्या पैशांतला?"

"हो."

त्याने कप खाली ठेवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका कागदाने जाते?

"नको गं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मालकाने विचारलं तर?"

बुटकीने कप पुन्हा त्याच्या हातात दिला.

"मालक तुमच्या समोर बसलीय," ती म्हणाली. "प्या. गार होतोय."